मृत साठा: निरंक

इंजिनं आली ती सोमवारी सकाळी, आणि ती येईपर्यंत मोहखेडीत कोणाला ठाऊकच नव्हतं की आपल्या तलावातलं पाणी मेलेलं आहे.

दोन हजार चार सालचा एप्रिल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तीन डिझेल इंजिनं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उतरली आणि मोतीलालशेठचा गडी जंगू पाइपांची वेटोळी सोडायला लागला. रूपराव पारसे तेव्हा डोंग्यात उभा राहून जाळं झटकत होता. त्याची बायको मीराबाई काठावर बसून कालचं फाटलेलं जाळं शिवत होती. तिनं आधी पाहिलं.

"काय रे जंगू, लगन हाये का कोनाचं? बाजा आनला इतका."

"पानी उचलाचं हाये, मावशी."

"कुठलं?"

जंगूनं मानेनंच तलाव दाखवला.

मार्चमध्ये कालव्याचं पाणी संपलं की मोहखेडीचा तलाव गेटाच्या खाली जातो. गेटाच्या वरचं पाणी शेतकऱ्यांचं, ते कालव्यानं निघून जातं. खालचं निघत नाही. ते पाऊस पडेपर्यंत मधल्या खोलग्यात साचून राहतं आणि त्यात गावातल्या चौतीस मासेमार धिवर घरांचे मासे राहतात. श्रावणात सोडलेली बोटभर पिल्लं एप्रिलपर्यंत अर्धा किलो होतात, मे सरता सरता किलोला टेकतात. तोवर आसपासचे तलाव आटलेले असतात आणि हिंगणघाटच्या बाजारात मोहखेडीच्या रोहू-कतल्याची वाट पाहणारं गिऱ्हाईक असतं. म्हणजे वर्षाची खरी कमाई त्या खालच्या पाण्यात. धिवरांच्या घरात त्याला 'जितं पानी' म्हणतात. पोरीबाळीही म्हणतात, जित्या पान्याकडं जाऊ नको, बुडशीन.

रूपरावनं डोंगा काठाला लावला तोवर मोतीलालशेठ मोटरसायकलवरून आलाच. आजोबांनी कापसाचा व्यापार केला, बापानं जमीन घेतली, आता हा दोन्ही करत होता. माणूस वाईट नव्हता. आठ एकर उन्हाळी भुईमूग पेरून बसला होता आणि त्याच्या विहिरीनं तळ दाखवला होता. वीज दिवसाचे आठ तास नसायची ती वेगळीच.

"शेठ, हे गेटाच्या खालचं पानी हाये," रूपराव म्हणाला. "याले हात नाई लावत कोनी."

"देखो रूपरावभाऊ, मी काई चोरी नाई करून राह्यलो. कागद हाये माह्यापाशी." शेठनं खिशातून कागद काढला. "अन् तुमच्याच सोसायटीच्या लेखानं झालं हे. मले वाटलं तुमाले मालूम असन."

रूपराव हा मोहखेडी मच्छीमार सोसायटीचा सचिव. सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. सगळे त्याला सेक्रेटरी म्हणत आणि त्याला ते आवडायचं. त्यानं हात धोतराला पुसले, कागद घेतला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागला.

"सदर तलावातील मृत साठ्याची आवश्यकता निरंक असल्याचे संबंधित मच्छीमार संस्थेने कळविले असून त्यास संघाची शिफारस प्राप्त आहे. सबब, उभ्या पिकासाठी मृत साठ्यातून पाणी उचलण्यास परवानगी देण्यात येत आहे."

तो थांबला. मग 'मृत साठ्यातून पाणी' एवढंच पुन्हा वाचलं, मनात.

"मृत साठा म्हंजे?" त्यानं विचारलं.

"म्हंजे हेच," शेठ म्हणाला. "गेटाच्या खालचं. इरिगेशनवाले मृत साठा म्हनते याले."

जंगूनं हँडल मारलं. पहिलं इंजिन सुरू झालं, आणि मग कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना.

*

घरी येऊन रूपरावनं पत्र्याची पेटी उघडली. सोसायटीचे सगळे कागद त्यात असत. नलूनं, त्याच्या मुलीनं, फेब्रुवारीतल्या तक्त्याची नक्कल शोधून काढली. ती बारावी होऊन घरी बसली होती आणि बापाच्या अक्षराचा तिला अभिमान होता. तक्ता सिंचन खात्याचा, पण आला होता मच्छीमार सोसायट्यांच्या संघामार्फत. तलावाचे नाव, क्षेत्र, सभासद संख्या, ठेक्याची मुदत. शेवटचा रकाना: मृत साठा. त्याच्याखाली रूपरावच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: निरंक. खाली सही, सोसायटीचा शिक्का, आणि त्याच्याखाली संघाचा शिक्का: शिफारस करण्यात येत आहे.

लिहिलं कसं, तेही सगळ्यांना आठवत होतं. आदल्या उन्हाळ्यात चार दिवस अंगार पडल्यासारखं ऊन होतं, तेव्हा तलावात मासे मेले होते. गावात घाण सुटली. ग्रामपंचायतीनं तक्रार केली, एक साहेब नाकाला रुमाल लावून आला, पंचनामा झाला, आणि मीराबाईसकट आठ बायांनी सडके मासे पाट्यांनी वाहून खड्ड्यात पुरले होते. हाताचा वास आठ दिवस गेला नव्हता. त्यामुळं फेब्रुवारीत तक्ता आला तेव्हा रूपरावला वाटलं, सरकार तेच विचारतंय. तलावात मेलेल्या माशांचा साठा आहे का? नव्हता. सरकारी कागदात 'नाही' असं लिहीत नाहीत, निरंक लिहितात, हे त्याला माहीत होतं. तेवढ्यासाठी तो शब्द त्यानं जरा मोठाच काढला होता.

"तूच म्हनलं होतं, नाई म्हनून लिहा," तो बायकोला म्हणाला.

"मी म्हनलं होतं, पन मी काय सेक्रेटरी हाओ?" मीराबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मले तं अजूनही समजलं नाई. पानी मेलं कसं? त्यात मासोळी जिती राह्यते नं?"

नलूनं नक्कल घडी करून बापाच्या हातात दिली.

"संघात जा, बाबा. नत्थूजी करतीन काई तरी."

*

वणाकाठ मत्स्यव्यवसायी सहकारी संघाचं ऑफिस हिंगणघाटला, जाळ्याचा दोरा विकणाऱ्या एका दुकानाच्या वर होतं. एक खोली, दोन कपाटं, भिंतीवर अकरा तलावांचा नकाशा. सरकारला अकरा तलावांच्या अकरा तोंडांशी बोलायची सवड नव्हती, एकाच तोंडाशी बोलायचं होतं. ते तोंड म्हणजे नत्थूजी, वय पासष्ट, संघाचे अध्यक्ष. ठेका वाढवून मागायचा, सरकारी केंद्रातून बीज वेळेवर मागायचं, बुडून मेलेल्याच्या बायकोचा विमा मागायचा, सगळं नत्थूजी मागत. मागून मागून त्यांचा आवाजच मऊ झाला होता. पण एक गोष्ट त्यांनी मिळवली होती. पाणीवाटपाच्या बैठकीत पूर्वी फक्त शेतकरी बसत. नऊ वर्षं अर्ज करून नत्थूजींनी तिथं मासेवाल्यांसाठी एक खुर्ची मिळवली होती. गेल्या बैठकीत ते पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. दुसरी बैठक याच गुरुवारी होती.

त्यांनी नक्कल पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काऊन लिवलं तुमी असं?"

"मेलेल्या मासोळ्या समजलो, नत्थूजी."

खाली दुकानात कोणीतरी दोऱ्याचं रीळ मोजून घेत होतं, त्याचा आवाज येत होता.

"तुमी वाचलं होतं नं?" रूपरावनं विचारलं. "शिक्का तं तुमचा हाये."

"लय कागद येते इथं, रूपरावभाऊ." नत्थूजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "आता आयका. गुरुवारी मी हा विषय घेतो. पन तिथं असं नाई सांगता येत का संघानं चुकीची शिफारस केली. एकदा का त्याईले वाटलं का या लोकाइले कागद समजत नाई, तं खुर्ची गेली. मंग अकराही तलावाचं कोन बोलन?"

"मंग कसं सांगाचं?"

नत्थूजींनी कोरा कागद काढला. मजकूर त्यांच्या डोक्यात तयार असावा, कारण लिहिताना ते एकदाही अडखळले नाहीत. मी, रूपराव पारसे, सचिव, संघास न विचारता व माहिती न घेता सदर तक्ता भरला. ही चूक सर्वस्वी माझी आहे. मी सचिवपदाचा राजीनामा देत आहे.

"मी तं तक्ता तुमच्याच हातात देल्ला होता," रूपराव म्हणाला.

"मालूम हाये मले."

"तुमी चाय पाजली होती."

"मालूम हाये, रूपरावभाऊ." नत्थूजींचा आवाज आणखी मऊ झाला. "पानी पाह्यजे का नाव पाह्यजे?"

रूपरावनं सही केली. त्याची सही नेहमी एका फटक्यात व्हायची. त्या दिवशी पहिलंच अक्षर दोनदा गिरवावं लागलं. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलाय, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाहीये. मोहखेडी येईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

*

पाणी रोज वीतभर उतरत होतं. सोमवारी गेटाच्या खांबापाशी उभं राहून हात वर केला तर फक्त बोटं दिसली असती. बुधवारी डोकं दिसलं असतं. खोलगा लहान होत चालला, पाणी गढूळ आणि कोमट झालं, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. धिवर बाकी सगळं सोसतो. मासा कमी असेल तर चालतं, लहान असेल तर चालतं. वर येऊन वारा गिळणारा मासा त्याला पाहवत नाही.

सोसायटीनं ठरवलं, निदान थोडे काढून टाकू म्हणजे बाकीच्यांना पाणी पुरेल. दोन दिवस चौतीस घरं पाण्यात होती. पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत ओढजाळं फिरायचं. चिखल पोटऱ्यांपर्यंत. दोरी ओढून तळहाताची सालं निघाली, त्यात गढूळ पाणी जाऊन झोंबायचं. अर्धवट वाढलेले रोहू पाट्यांत पडत होते आणि जो तो ते हातात घेऊन वजन पाहून टाकत होता. आणखी महिनाभर राहिला असता तर, असं कोणी म्हणत नव्हतं. म्हणायची गरज नव्हती.

रूपरावलाही कोणी काही म्हणालं नाही. फक्त सेक्रेटरी म्हणायचं बंद झालं. दुसऱ्या दिवशी जाळ्याच्या त्या टोकाकडून कोणीतरी हाक मारली, "ओ निरंकभाऊ, तुमची बाजू ढिली पडून राह्यली." चारजण हसले. रूपरावनं दोरी ताणली. गाव एकदा नाव ठेवतं ते मेल्यावरही निघत नाही हे त्याला माहीत होतं.

मीराबाई शेजारच्या विमलाबाईला बरोबर घेऊन हिंगणघाटच्या बाजारात बसली. अकरा वाजेपर्यंत बर्फ संपला. गिऱ्हाईक कल्ला उचलून पाहायचं, वास घ्यायचं, आणि पुढं जायचं.

"लहान हाये," एक बाई म्हणाली.

"लहानच असन. एप्रिलमंधी मोठा कुठून आनू, बाई? पानीच मेलं आमचं."

त्या बाईला काही समजलं नाही. मीराबाईनं तिला समजावलंही नाही. संध्याकाळी उरलेले मासे चिरून मीठ लावून ती परत आली आणि नवऱ्यासमोर पाटी ठेवून म्हणाली, "राजीनामा देल्ला म्हंते तुमी. विमलाबाईनं सांगतलं. तिले मालूम, मले नाई."

रूपराव पायाचा चिखल खरवडत होता.

"पान्यासाठी देल्ला."

"पान्यासाठी देल्ला तं चांगलं केलं. पन खोटं काऊन लिवलं? विचारलं नाई म्हने संघाले. आपन दोघंही गेलतो नं हिंगणघाटले? मी जिन्यात बसली होती, तुमी वर होते. नत्थूजीनं मलेही चाय धाडली होती खाली."

"नत्थूजी म्हनले, खुर्ची जाईन."

"खुर्ची कोनासाठी हाये मंग? आपल्यासाठीच ना?" तिनं पाटी उचलली. "उद्या मीही येतो बैठकीले. बसतो जिन्यात."

*

बैठक सिंचन उपविभागाच्या ऑफिसात होती. लांब टेबल, एका बाजूला उपअभियंता साहेब आणि त्यांचा बाबू, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांचे सहा प्रतिनिधी, त्यात मोतीलालशेठ. टोकाला नत्थूजींची खुर्ची. रूपराव भिंतीला टेकून उभा होता. जिना नव्हता म्हणून मीराबाई आणि नलू दाराबाहेर व्हरांड्यात बसल्या. तिथून सगळं ऐकू येत होतं.

मोहखेडीचा विषय निघाला. नत्थूजींनी रूपरावचा कागद पुढं सरकवला. साहेबांनी तो वाचला आणि मान वर केली. माणूस तरुण होता, चिडका नव्हता, पण उन्हातून तीन तलाव पाहून आला होता.

"तुम्हीच का पारसे? तुम्हाला मृत साठा म्हणजे काय ते माहीत नाही?"

"नाई, साहेब."

"मग काय समजलात?"

"मेलेल्या मासोळ्या."

टेबलावरचे हसले. बाबू तर खोकल्याचं सोंग करून हसला. मोतीलालशेठही हसला, मग त्यानं समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहिलं. रूपराव भिंतीपाशी तसाच उभा राहिला. त्याचे कान तापले होते आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

"पण यावर संघाची शिफारस आहे," साहेब म्हणाले. "संघाला न विचारता भरला, तर शिक्का कसा आला?"

नत्थूजी काहीतरी पुटपुटले.

"फाइल आणा फेब्रुवारीची," साहेबांनी बाबूला सांगितलं.

फाइल आली. साहेबांनी मोहखेडीचा तक्ता काढला, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. ते एकेक कागद उलटत गेले आणि त्यांचा हात हळू झाला. मग त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक कागदावर तलावाचं नाव, आणि पुढं निरंक. निरंक. निरंक. सात तलावांचं निरंक. तीन ठिकाणी रकाना कोरा. एका तलावाच्या सचिवानं सविस्तर लिहिलं होतं. ते वाचताना साहेबांचा आवाज जरा बदलला.

"मृत साठा: अंदाजे दोन पाट्या. खड्डा खणून पुरण्यात आल्या."

या वेळी बाबू एकटाच हसला, आणि लगेच थांबला.

प्रत्येक कागदाखाली तोच जांभळा शिक्का होता. नत्थूजी खुर्चीवरून उठले. त्यांना उठायला वेळ लागला. त्यांनी टेबलाला हात टेकला.

"साहेब, या मानसाची चूक नाई हाये," ते म्हणाले. "यानं तक्ता मले आनून देल्ला. मी वाचला. अकराही वाचले. वाचूनच शिक्का मारला."

"वाचून?"

"हो जी. मलेही मेलेल्या मासोळ्याच वाटल्या." नत्थूजींचा मऊ आवाज त्या खोलीत शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "मले तं आनंद झालता, साहेब. म्हनलं, अकरा तलाव, अन् फक्त दोन पाट्या मेल्या. चांगलं वर्स हाये. त्या आनंदात मी शिक्के मारले. अन् सोमवारी जवा हा मानूस माह्याकडं आला, तवा लाज वाटली मले. म्हनून त्याच्या नावावर ढकललं. कागद मीच लिवला. त्याची फक्त सही हाये."

व्हरांड्यातून मीराबाईनं दारात मान घालून पाहिलं. तिला कालपासून नत्थूजींचा राग आला होता. तो राग तसाच राहिला, पण तिला वाटलं की या माणसाला कोणीतरी आता बसायला सांगावं.

"रकाना समजला नाही तर विचारायचं ना," साहेब म्हणाले.

"विचारलं असतं, साहेब. पन समजला नाई हे समजाले पाह्यजे नं. मृत म्हंजे मेलेलं. साठा म्हंजे साठा. यात विचारासारखं काय हाये?"

साहेबांनी फाइल मिटली. मग रूपरावकडे वळले.

"तुम्ही काय म्हणता या पाण्याला?"

"जितं पानी," रूपराव म्हणाला.

"बसा, नत्थूजी," साहेब म्हणाले.

मग काम सुरू झालं, आणि ते फारसं गोड नव्हतं. मोतीलालशेठ म्हणाला, परवानगी दिली ती दिली, माझा भुईमूग आता आऱ्यावर आहे, एक पाणी चुकलं तर शेंगाच धरणार नाही. त्याचंही खरं होतं. साहेब म्हणाले, परवानगी रद्द करत नाही, मर्यादा घालतो. किती पाणी ठेवायचं ते सांगा. अकराही तलावांचं सांगा, पण आज मोहखेडीचं.

नत्थूजींनी बैठकीआधी व्हरांड्यात नलूकडून लिहून घेतलेला कागद उघडला आणि एक तृतीयांश वगैरे बोलायला लागले.

"एक तृतीयांश मला तलावावर कसं दिसेल?" साहेब म्हणाले. "खांबावरची मोजपट्टी तर कधीच पडली तिथली. आकडा सांगा."

आकडा कोणाकडेच नव्हता. रूपराव भिंतीपासून दोन पावलं पुढं आला.

"खांबापाशी छातीइतकं राह्यलं तं मासोळी मिरगापर्यंत जगते, साहेब. त्याच्या खाली गेलं का पानी तापते."

"छातीइतकं? कोणाच्या?"

"माह्या. मीच उतरतो दरसाल पाहाले. खांबाच्या बुडाशी सिमेटाचा ओटा हाये, त्याच्यावर उभं राहून पाहाचं."

साहेबांनी बाबूकडे पाहिलं. बाबूनं कपाटातून टेप काढला आणि रूपरावच्या पायाशी बसला. नऊ वर्षं या ऑफिसात मासेवाले याच बाबूच्या टेबलापुढं उभे राहत होते. तो त्यांच्या पायाशी बसलेला कोणी पाहिला नव्हता.

"चपला घालून मोजू की काढून?" त्यानं विचारलं.

"पान्यात चपला घालून कोन जाते?" रूपराव म्हणाला आणि चपला काढल्या.

एक मीटर सतरा सेंटिमीटर. साहेबांनी आकडा लिहिला, नव्या तक्त्यावर रूपरावची सही घेतली आणि पद विचारलं. रूपरावनं नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजींनी टेबलावरचा राजीनामा उचलून घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली.

"सचिव," ते म्हणाले.

"नवी पट्टी लागायला महिना जाईल," साहेब उठता उठता म्हणाले. "तोवर हीच पट्टी." आणि त्यांनी रूपरावकडे बोट दाखवलं.

*

शुक्रवारी पाणी त्याच्या गळ्याशी होतं, शनिवारी खांद्याच्या खाली. रोज संध्याकाळी चार वाजता रूपराव बनियन काढून तलावात शिरायचा, ओट्यावर उभा राहायचा, आणि सगळे पाळीवरून पाहायचे. कोणी 'निरंकभाऊ, पट्टी नीट लावा' म्हणून चिडवायचं. त्याच्या तोंडावर आता हसू यायचं, पण थोडंच.

रविवारी पाळीवर गर्दी होती. तिन्ही इंजिनं धडधडत होती. मोतीलालशेठचे शेवटचे पाच वाफे भिजायचे होते, तास-दीड तासाचं काम. रूपराव ओट्यावर चढला. पाणी छातीच्या अगदी वर, बोटभर. त्यानं वाट पाहायचं ठरवलं.

मीराबाई काठावर आली. इंजिनांचा आवाज इतका होता की तिला ओरडावं लागलं.

"टाचा उचला थोड्या! आताच बंद होतीन!"

ती नवऱ्यापुरतंच ओरडली होती, पण पाळीवर सगळ्यांना ऐकू गेलं. शेठलाही.

खरं सांगायचं तर रूपरावच्या टाचा उचलल्या गेल्या. क्षणभरच. बोटभर अंतर होतं, आणि चौतीस घरं पाळीवर उभी होती. मग त्याला पायाशी बसलेला बाबू आठवला, टेपचं पत्र्याचं टोक टाचेला गार लागलं होतं ते आठवलं. त्यानं टाचा ओट्यावर टेकवल्या आणि उभा राहिला. पाणी हळूहळू उतरत होतं. अर्धा तास गेला असेल. मग पाणी छातीवर मोजलेल्या रेषेवर आलं.

"बंद करा," त्यानं हात वर केला.

"टाचा टेकल्या का?" शेठ पाळीवरून ओरडला. त्याचे दोन वाफे राहिले होते.

"टेकल्या."

"मघाशी काय म्हने तुमची बायको?"

पाळीवरच्या माना मीराबाईकडे वळल्या. मीराबाईनं पदर तोंडाशी धरला. आपल्या जिभेनं आज काय केलं हे तिला कळून चुकलं होतं.

"शेठ, या अन् पाहा," रूपराव मोठ्यानं म्हणाला.

मोतीलालशेठनं राहिलेल्या वाफ्यांकडे पाहिलं. मग त्यानं घड्याळ काढून जंगूच्या हातात दिलं, बूट काढले, आणि पँटसकट पाण्यात शिरला. लहानपणी तोही याच तलावात पोहायला शिकला होता. तो खांबापाशी आला, रूपरावच्या छातीवरची ओली रेघ नीट पाहिली. मग श्वास भरून खाली गेला.

पाळीवरच्या लोकांना फक्त बुडबुडे दिसले. रूपरावला मात्र आधी घोट्याशी, मग टाचेशी शेठची बोटं लागली. शेठनं टाचेखाली बोट घालून पाहिलं, एका पायाच्या, मग दुसऱ्या. बोट गेलं नाही.

शेठ वर आला. केसांतून पाणी निथळत होतं. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि रूपरावकडे न पाहता पाळीकडे तोंड केलं.

"टेकल्या हाये," तो मोठ्यानं म्हणाला. "जंगू, बंद कर."

एकेक करून तिन्ही इंजिनं थांबली. सहा दिवसांनी पहिल्यांदाच गावाला पाळीवरच्या झाडांवरचे पक्षी ऐकू आले. शेठ काठाकडे चालायला लागला.

"सेक्रेटरी, या आता भाईर," कोणीतरी म्हणालं.

रूपराव थोडा वेळ तसाच उभा राहिला. पाणी गढूळ होतं, काही दिसत नव्हतं, पण पोटऱ्यांना मासे लागत होते.